व्हिडिओत नसलेलं कडवं

माझ्या गाण्यावर लोक लग्नं लावतात आणि त्याचा मला राग येतो. हे असं स्पष्ट सांगितलं की समोरचा हसतो. त्याला वाटतं, कलाकार माणसं, काहीतरी वेगळं बोलायचं म्हणून बोलतात. अमरावतीत बडनेरा रस्त्यावरच्या कुठल्याही मंगल कार्यालयासमोरून लग्नसराईत जा, एकदा तरी ते कानावर पडतंच. नवरी फुलांच्या चादरीखालून चालत येते, मागे माझा आवाज, समोर नवरदेवाच्या हातात एक डबा. तो डबा उघडतो, आत अंगठी असते, लोक शिट्ट्या मारतात. मी ऑटोत असले तर ऑटोवाल्याला म्हणते, भाऊ, जरा लवकर काढा इथून.

गाण्यात अंगठी नाही. गाण्यात नवरदेवही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाण्यात तो डबा उघडतच नाही.

आमचा रॉक बँड आहे. अल्टरनेटिव्ह म्हणतात त्याला, माझी आई आदळआपट म्हणते. मी गाते आणि गिटार वाजवते, दिवसा कोचिंग क्लासमध्ये पोरांना रसायनशास्त्र शिकवते. बेस वाजवणारा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. ड्रमर अकोल्याचा. त्याच्या घरचा तीन पिढ्यांचा लग्नाचा बँड आहे, त्यामुळे आमचा बँड म्हटलं की वऱ्हाडात जो प्रश्न हमखास येतो, तो त्याला कधी टोचला नाही. मला टोचायचा. "बँड हाय का? मंग वरातीचं किती घेता?" मी समजावून सांगायला जायची, आणि हा मागून म्हणायचा, "घोडी वेगळी पडन."

आम्ही सराव करतो तो त्याच्या अब्बांच्या गोदामात. भिंतीला लाल कोट टांगलेले, खांद्यावरच्या सोनेरी झालरी उसवलेल्या, कोपऱ्यात दिव्यांच्या छत्र्या आणि जनरेटरची गाडी. उन्हाळ्यात तिथे पत्र्याखाली बसलं की अकोल्याचं ऊन डोक्यात शिरतं आणि सूर आपोआप चढा लागतो. आमच्या गाण्यांत जो राग आहे त्यातला थोडा त्या पत्र्याचा आहे, असं मी मुलाखतीत एकदा म्हटलं, तर छापून आलं की वऱ्हाडच्या मातीची धग. मातीचा काही संबंध नव्हता, पत्राच होता.

तर हे गाणं. ते समजायला भुलाबाई समजली पाहिजे. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेका घरी जातात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची बाई किंवा मुलगी झाकलेला डबा घेऊन येते. डब्यात खिरापत असते. ती डबा कानाशी हलवून दाखवते आणि आम्ही ओळखायचं. गोड का तिखट? फुटाणे? मुरमुरे? सांजोरी? ती नाही नाही म्हणत राहते. सगळ्या थकल्या की म्हणायचं, हरलो. हरलो म्हटल्याशिवाय झाकण निघत नाही. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण माझ्या लहानपणी तो मोडलेला मी पाहिला नाही. एकदा समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी कंटाळून मध्येच डबा उघडला तर पोरींनी खिरापत न घेता घर सोडलं होतं.

माझी ताई या खेळात भारी होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुसऱ्यांच्या घरी ती डब्याकडे पाहायचीच नाही, डबा धरणारीच्या बोटांकडे पाहायची. हळद दिसली तर तिखट, तुपाचा तकतकीतपणा दिसला तर गोड. आणि आमच्या घरी तिच्या हातात डबा आला की सगळ्या गल्लीची फजिती. आत शिरा ठेवायची, वर एक चमचा टाकायची. चमचा खुळखुळ वाजायचा आणि पोरी शेंगदाणे, फुटाणे, बत्तासे करत बसायच्या. ताई भिंतीला टेकून, डबा पोटाशी धरून, हसत उभी राहायची. "नाही. नाही. तेबी नाही. म्हना हरलो." तिला घाई कधीच नसायची.

ताईचं लग्न परतवाड्याला झालं. बी.एस्सी. झाल्यावर तिने लॅबचा कोर्स केला होता आणि अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती कामाला होती. रक्त काढताना तिचा हात इतका हलका होता की लहान मुलांच्या आया तिलाच मागायच्या. लग्न ठरताना सासरचे म्हणाले, परतवाड्यातही लॅब आहेत, करेल की नोकरी. मग म्हणाले, दिवाळी होऊ द्या. मग मुलगी झाली, तर मुलगी शाळेत जाऊ द्या. मुलगी शाळेत गेली, तर नणंदेचं लग्न होऊ द्या. कोणी नाही म्हटलं नाही, हे त्यातलं सगळ्यात हलकट. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. हे लोक गोड बोलून वर्षं खातात.

आई फोनवर विचारायची, कशी आहेस? ताई म्हणायची, मजेत. शेजारणी म्हणायच्या, सुखात पडली पोरगी. मावशी म्हणायची, तब्येत सुधारली म्हणजे सगळं छान असणार. जो तो डबा कानाशी लावून हलवायचा आणि आपापला अंदाज सांगून मोकळा व्हायचा. मला हे ऐकून इतकी चीड यायची की एक दिवस गोदामात बसून मी ती चीड गिटारवर आपटली. पहिल्या दोन कडव्यांत फक्त लोकांचे अंदाज आहेत. हिच्यात सुख आहे, दागिने आहेत, पोटात पोरगं आहे, नवऱ्याचं प्रेम आहे. ध्रुवपदात पोरी ओरडतात, हालवून पाहा, ओळखून सांगा. ड्रमरने स्टीलच्या डब्यात नट-बोल्ट टाकून तो माइकसमोर हलवला. तोच तो खुळखुळाट, ज्यावर आता वराती नाचतात.

तिसरं कडवं मला सुचत नव्हतं. ताईचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर कुरडया राखत होती. मी तिला दोन कडवी वाचून दाखवली. ती आधी हसली, मावशीवाली ओळ पुन्हा म्हणायला लावली. मग ती एका दमात म्हणाली, जणू तोंडात तयारच होतं:

गोड नाही, तिखट नाही, वास नाही त्याले,
हालवून हालवून हात दुखले तुमचे, नाही माहे,
आतमंदी मी हाय बसली, झाकन माह्या हाती,
हरलो म्हना, हरलो म्हना, मंग पाहू पुढती.

"लिहून घेतलं?" तिने विचारलं.

"हो. ताई, हे तू..."

"माहं नाव नको घालू कुठं. पाह्य, कावळे आले कुरडयांवर, ठेवतो." आणि तिने फोन ठेवला.

ते कडवं म्हणताना माझा आवाज फाटतो. ड्रमर तिथे सगळं वाजवणं थांबवतो, फक्त डबा हलत राहतो, आणि मग शेवटच्या ओळीवर सगळे मिळून कोसळतात. आम्ही ते अकोल्याच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजवलं. मागच्या रांगेतल्या पोरी उभ्या राहिल्या आणि हरलो म्हना, हरलो म्हना ओरडायला लागल्या. त्या पोरींना कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. कोणीतरी मोबाइलवर टिपलं, ते फिरलं, आणि मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. गाणं तुमचंच राहील, व्हिडिओ आम्ही करू. आम्हाला काय, आभाळ ठेंगणं झालं.

शूटिंग पातूरच्या अलीकडे एका गावात होतं. मी पोचले तेव्हा पाहते तर काय, पोरींच्या अंगावर नऊवारी आणि नाकात पुणेरी नथा. भुलाबाईत पोरी फ्रॉकवर असतात, शाळेच्या स्कर्टवर असतात, हल्ली जीन्सवर असतात. डबा पितळेचा, नक्षीचा, आमच्या सात पिढ्यांत कोणी न पाहिलेला. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायला सांगितला होता, तर उसाचा केला होता, कारण ऊस जास्त हिरवा दिसतो. इथवर मी दात आवळून गप्प होते. म्हटलं, चालायचंच.

मग दिग्दर्शकाने शेवट सांगितला. भला माणूस, माझ्याहून लहान, सतत हसणारा. म्हणाला, हिरो शहरातून येतो, मुलींच्या घोळक्यात शिरतो, नायिका डबा हलवत असते, तो अलगद तिच्या हातातून डबा घेतो आणि उघडतो.

"तो का उघडतो?" मी विचारलं.

"आत अंगठी असते, मॅडम."

"ते मला नका सांगू. तो का उघडतो? हरलो कोण म्हटलं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मी त्याला नियम सांगितला. गाण्याचा अर्थ सांगितला. झाकण कोणाच्या हातात आहे, ते सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मान डोलावत होता, आणि शेवटी म्हणाला, "पॉवरफुल आहे. पण बघणारा इतका वेळ थांबला तर त्याला शेवटी काहीतरी मिळायला पाहिजे ना."

"तेच तर गाणं आहे," मी म्हणाले. "त्याला काही मिळत नाही."

"तुम्ही छान चिडता," तो म्हणाला. "हेच एक्स्प्रेशन कॅमेऱ्यासमोर द्या."

त्या क्षणी माझ्या हातात गिटार होती आणि ती मी खाली ठेवली, हे त्याचं नशीब. ड्रमरने मला बाजूला नेलं. "चिडून काय करतं? करार झाला. व्हिडिओ त्यायचा. गानं तर आपलंच हाय." त्याचं बरोबर होतं आणि त्याचाही मला राग आला.

तिसरं कडवं त्यांनी कापलं. कळवलंही नाही. विचारलं तर म्हणाले, अंगठीनंतर गाणं लांबत होतं, मूड उतरत होता. माझ्या बहिणीने आयुष्यात एकदा तोंड उघडलं होतं, आणि त्याने यांचा मूड उतरत होता.

व्हिडिओ जोरात चालला. किती चालला ते मला सांगायचं नाही, सगळ्यांनी पाहिलाच आहे. चिखलदऱ्याला लग्नाआधीचे फोटो काढायला जाणारी जोडपी डबा घेऊन जायला लागली. अमरावतीच्या बाजारात नक्षीचे डबे आले, आत अंगठीसाठी मखमलीची खाच. ड्रमरच्या अब्बांनी लग्नाच्या बँडच्या ठेक्यात गाणं बसवलं, आणि वरातीत लोक त्यांच्याकडे तेच मागायला लागले. अब्बांवर मी चिडू शकत नव्हते, ते क्लॅरिनेटवर फार सुंदर वाजवायचे. म्हणून मी त्यांच्या मुलावर चिडायचे. आईने ते फोनची रिंगटोन केलं. क्लासमधली पोरं मोलची व्याख्या विचारण्याआधी विचारायची, मॅडम, तुम्हाला अंगठी कोणी दिली? सत्कार झाले. एका सत्कारात पाहुण्या बाई म्हणाल्या की या गाण्याने आपली भुलाबाई घराघरांत पोचवली. भुलाबाई घराघरांतच होती, बाई. तुमच्याही होती. तुम्ही विसरलात आणि नियम मोडलेला तुमच्या लक्षातही आला नाही. हे मी म्हणाले नाही. शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी येऊन नारळ इतक्या जोरात फोडला की पाणी सगळं ओट्यावर गेलं.

आम्ही ठरवलं की पूर्ण गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि आपल्या चॅनेलवर टाकायचं. ताईला सांगायला फोन केला, तर तिच्याकडे वेगळीच बातमी होती. नणंदेचं लग्न ठरलं. आणि सासूबाईंची इच्छा होती की आदल्या संध्याकाळच्या संगीतात मी येऊन ते गाणं म्हणावं. सुनेची बहीण एवढी प्रसिद्ध, तर लोकांना दिसू दे.

"येजो," ताई म्हणाली. "अन् दोनच कडवे म्हनजो."

"ताई, मी तेच सांगायला..."

"आईक माह्यं. बसस्टँडजवळ नवी लॅब निघाली. डॉक्टर बाईनं मले विचारलं. घरी म्हनले, लग्न निपटू दे, मंग जाजो. आता शेवटचंच हाय हे. मधात काही नको काढू तू."

"तुझं कडवं आहे ते."

"म्हनूनच सांगून राहिली. रेकॉर्डबी नको करू एवढ्यात. लग्न होऊ दे."

लग्न होऊ दे. तिच्याही तोंडी आता तेच आलं होतं. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसून ओरडले.

परतवाड्याच्या त्या हॉलमध्ये आम्हाला ड्रम लावू दिले नाहीत, जागा नाही म्हणाले. डीजेने व्हिडिओचा ट्रॅक लावला, मी त्यावर गायले. ड्रमर बिचारा पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला आणि हातात मठ्ठ्याचा ग्लास. ताई स्टेजच्या बाजूला ताट घेऊन उभी होती. जाड काठाची साडी, कपाळावर घाम, सकाळपासून क्षणभर टेकलीही नसावी. ट्रॅक संपत आला, होणाऱ्या जावयाने डबा उघडला, अंगठी, टाळ्या. तिथे जे कडवं हवं होतं ते माझ्या घशात होतं आणि माइक माझ्या हातात होता. मी ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही. डबा पोटाशी धरून हलवायची तशी नाही. मी याआधी तिची अशी मान पाहिली नव्हती. मी माइक खाली ठेवला आणि हसले. माझे गाल दुखेपर्यंत हसले. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, संध्याकाळी पाठवणी झाली. नणंद गाडीत बसली, रडारड झाली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर सासूबाई डोळे पुसत जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "पोरगी गेली, घर खाली झालं पाह्य. आता मले काही होत नाही बाप्पा. आता सारं सुनबाईच्याच अंगावर. एक घटका घर सोडता येनार नाही तिले."

कोणाला वाटेल, त्यांनी मुद्दाम ताईला ऐकवलं. तसं नव्हतं. त्यांच्या लक्षातच नव्हतं. लॅब, डॉक्टर बाई, दिलेला शब्द, काही लक्षात नव्हतं. आणि भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथेच मंडपवाल्याशी बोलत उभे होते. त्यांनी ऐकलं. माझी आणि त्यांची नजरानजर झाली. ते परत मंडपवाल्याकडे वळले आणि खुर्च्या मोजायला लागले. माणूस वाईट नाही, सगळे सांगतात. बायकोला मारत नाही, दारू पीत नाही, मुलीचा अभ्यास घेतो. वाईट नसणं एवढं सोपं करून ठेवलंय आपण पुरुषांना, की त्या खुर्च्या त्यांच्या पाठीत घालाव्या असं वाटलं.

ताई माझ्या शेजारी होती. ती वाकून मांडवातली पडलेली ताटं गोळा करायला लागली.

मी अमरावतीला आले आणि महिनाभर बँडमध्ये कोणाशी धड बोलले नाही. ड्रमर फोन करायचा, मी उचलायची नाही. शेवटी उचलला तो त्याने लागोपाठ केला म्हणून. "अकोल्याले ये," तो म्हणाला. "तुही ताई आली हाय इथं."

मला वाटलं काहीतरी भयंकर झालं. मिळेल त्या बसने गेले. गोदामात पोचले तर ताई लाल कोटांखाली लोखंडी पेटीवर बसून चहा पीत होती. सकाळी अंजनगाव, अकोट करत ती एकटी आली होती. घरी सांगितलं होतं, दातांच्या डॉक्टरकडे जाते.

"लॅबमंदी जाऊन आली काल," ती म्हणाली. "एक तारखेपासून येतो म्हटलं. घरी सांगाचं हाय अजून." मग ड्रमकडे पाहून म्हणाली, "ते पुरं गानं करनार होते ना तुमी? करा."

मी गिटार ट्यून करायला घेतली. आम्ही पहिली दोन कडवी घेतली, मी गायले. तिसऱ्याच्या आधी ताई उठली, तिने मला बाजूला केलं, म्हणजे शब्दशः कोपराने ढकललं, आणि माइक हातात घेतला. ती काही गाणारी नाही. भुलाबाईनंतर ती बारशाच्या पाळण्यापलीकडे गायली नव्हती. तिचा सूर आमच्या सुराला लागला नाही, ठेका तिने दोनदा सोडला. ती ओरडलीही नाही. पेशंटला नाव आणि वय विचारावं, तशा आवाजात तिने ते कडवं म्हटलं. आतमंदी मी हाय बसली म्हणताना ती इतकी शांत होती की ड्रमर शेवटच्या ओळीवर कोसळायचं विसरला आणि नुसता बघत राहिला.

"काहून थांबला गा?" ताई म्हणाली. "वाजव."

पुन्हा घेतलं. सूर तेव्हाही लागला नाही. आम्ही तोच टेक ठेवला. ताईला चारच्या बसमध्ये बसवून आलो. जाताना तिने मेडिकलमधून दातदुखीच्या गोळ्या घेतल्या, घरी दाखवायला. ते पाहून माझा राग परत उफाळला, पण ती हसत होती, म्हणून मी तो गिळला.

गाणं आम्ही टाकलं. व्हिडिओ नव्हता, गोदामातल्या लाल कोटांचा एक फोटो लावला. फार लोकांनी ऐकलं नाही. काहींनी लिहिलं की ओरिजिनल जास्त चांगलं होतं. ओरिजिनल! काहींनी विचारलं, मध्येच ही काकू कोण? एका मुलीने लिहिलं, हे माझ्या आईला पाठवलं. मी प्रत्येक वाईट कमेंटला उत्तर द्यायला बसले, तर बेसवाल्याने माझा पासवर्ड बदलला.

पण परतवाड्यात ते पोचायचं तसं पोचलं. एक तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारी भाऊजींचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. आवाज चढलेला नव्हता, जपून लावलेला होता, बँकेतल्यासारखा.

"ते नवीन गाणं टाकलं ना तुमी," ते म्हणाले. "त्याच्यात ते मधातलं कोन म्हटलं?"

मला उत्तर माहीत होतं आणि मला ते ओरडून सांगायचं होतं. त्यांच्या आईला, मंडपवाल्याला, दिग्दर्शकाला, बडनेरा रस्त्यावरच्या सगळ्या नवरदेवांना सांगायचं होतं. पण ताईने एकदा म्हटलं होतं, माझं नाव कुठे घालू नकोस. ते तिने मागे घेतलेलं नव्हतं.

"सांगा ना," भाऊजी म्हणाले. "आई विचारून राहिली. आवाज वळखीचा वाटते म्हने."

मी काही बोलणार तेवढ्यात फोनच्या पलीकडे, लांबून, स्वयंपाकघरातूनच असावं, कारण मागे मिक्सर बंद झाल्याचा आवाज आला, ताई बोलली.

"माहा आवाज हाय तो. तिले काय विचारता? मले विचारा नं."

भाऊजींनी फोन कानावरून काढला असावा, कारण त्यांचा श्वास दूर गेला. मग मी ऐकलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या माणसाने माझ्या बहिणीला विचारलं, "काय झालं तुले?"

आणि ती सांगायला लागली. आवाज खाली न करता, पहिल्या "दिवाळी होऊ द्या"पासून. मी फोन ठेवला.